गेली म्हणजे कुठे गेली

जावा जावा उभा दावा, असं म्हणतात. मी धाकटी, त्या थोरल्या. एका ओट्यावर दोघींनी उभं आयुष्य काढलं, पण पातेल्यावरून म्हणा, नळाच्या पाण्यावरून म्हणा, आमचं कधी वाजलं नाही. भांडायला जाऊबाई मुळात घरात असायच्या कुठे? देह ओट्यापाशी आणि जीव नावाड्याच्या घरी. आमचं वाजलं ते एका पुस्तकावरून, आणि पुस्तकातही शेवटच्या एका शब्दावरून. तो शब्द पुढे आमच्याच घरात शिरला आणि सगळ्यांना पुरून उरला.

हा नावाडी कोण, ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुमची गत आमच्या मीटरवाल्यासारखी व्हायची. दर महिन्याला विजेचं मीटर बघायला येणारा तो साधा माणूस. एकदा तो दारात उभा असताना जाऊबाई मला सांगत होत्या की मधलीचा ताप काही उतरत नाही, डॉक्टर पलीकडच्या काठाला अडकलाय आणि नदीचं पाणी चढतंय. पुढच्या महिन्यात त्यानं आल्या आल्या विचारलं, मधली कशी आहे आता? मी म्हणाले, अहो, ती पुस्तकातली आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, पण बरी झाली ना? जाऊबाईंनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि पुढची दोन प्रकरणं ऐकवली. त्या महिन्यात आमचं मीटर बघायचं राहूनच गेलं.

तर ती कादंबरी. पाच खंड, एकेक उशाला घेता येईल एवढा. नदीकाठी एक नावाडी, त्याची बायको आणि तीन मुली, थोरली, मधली आणि धाकटी. माणसं या काठावरून त्या काठाला जातात, नाव बुडते, काठ ढासळतो, लग्नं जुळतात आणि मोडतात. एवढंच. पहिला खंड आला तेव्हा भिंगरी, म्हणजे जाऊबाईंची एकुलती एक लेक, रांगत होती. पाचवा आला तेव्हा ती नोकरी शोधत होती. इकडे घरात एक पोर वाढली आणि तिकडे पुस्तकात तीन. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणायची. जाऊबाई ऐकायच्या कुठे.

मला स्वतःला पुस्तकाचं वावडं. दोन पानं झाली की पापण्या जड होतात. पण ती कादंबरी मला तोंडपाठ आहे, कारण आम्ही दोघी एकाच कपड्यांच्या कारखान्यात, मी इस्त्रीवर आणि त्या काजांवर. शर्टाची काजं यंत्रावर होतात, भारी कोटाचं काज मात्र अजून हातानं करावं लागतं. दोऱ्याला मेण लावायचं, बोटात अंगुस्तान घालायचं आणि भोकाच्या कडेनं एकाला एक चिकटून टाके घालत जायचं. डोळे अडकलेले, बोटं अडकलेली, तोंड तेवढं मोकळं. त्या मोकळ्या तोंडानं जाऊबाई आदल्या दिवशी वाचलेलं सांगायच्या. गोष्ट म्हणून नाही, बातमी म्हणून. 'काल थोरलीनं सासर सोडलं,' अशी सुरुवात. की बटणं लावणाऱ्या, गळे शिवणाऱ्या, सगळ्या जणी हातातला टाका हातातच ठेवून विचारायच्या, 'पुढे?' कटिंगमास्तर ओरडायचे की इथे पगार काम करायचा मिळतो, ऐकायचा नाही. पण त्यांची कात्री नेमकी त्याच वेळी थांबायची, हे मला माझ्या इस्त्रीवरून दिसत होतं.

ज्या दिवशी नावाड्याची नाव बुडाली त्या दिवशी जाऊबाईंनी एक अख्खा गठ्ठा वाया घालवला. पुरुषांच्या कोटाला काज डाव्या बाजूला असतं आणि बायकांच्या कोटाला उजव्या. काल कामाला लागलेल्या पोरीलाही हे कळतं. जाऊबाईंनी सगळ्या मर्दानी कोटांना उजवीकडे भोकं पाडून, वर देखणे टाके घालून ठेवले. कापडाला एकदा भोक पडलं की पडलं. मास्तरांनी कोट त्यांच्या पुढ्यात आपटले. त्या म्हणाल्या, "मास्तर, माणसं पाण्यात होती. मला डावं-उजवं सुचेल का?" मास्तरांनी कपाळाला हात लावला, दोन पावलं गेले, परत आले आणि विचारलं, मधली पोहली का? ते कोट शेवटी रुंद खांद्यांच्या बायकांसाठी म्हणून पाठवले. कुठे ना कुठे त्या बायका अजून ते घालत असतील.

हे सगळं हसण्यावारी जायचं. भिंगरीचं हसण्यावारी गेलं नाही.

नावाप्रमाणे ती घरभर गरगरायची. शाळेतलं, मैत्रिणींचं, रस्त्यात बघितलेलं सगळं आईला सांगायला धावत यायची. आई पुस्तकात. "हं," म्हणायची, पान उलटायची, परत "हं." हळूहळू पोरगी सांगायची थांबली. मग ती कारखान्यात माझ्याकडे यायची आणि इस्त्री झालेल्या कपड्यांशेजारी बसून राहायची. एकदा म्हणाली, "काकू, मी मधली असते ना, तर आईनं मान वर केली असती." रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. हवा गार आहे म्हणावं तसं म्हणाली.

जाऊबाईंना माया नव्हती असं मात्र कुणी म्हणू नका. लेकीच्या फ्रॉकला त्या जी काजं करायच्या तशी मी कुठल्या भारी कोटावरही पाहिली नाहीत. त्यांचं गणित वेगळं होतं. मी एकदा टोचून बोलले तेव्हा मला म्हणाल्या, "अगं, घरातलं माणूस घरातच आहे, ते कुठे जातंय? पुस्तकातल्या माणसाचं पान उलटलं की काय होईल सांगता येत नाही."

पाचवा खंड आला आणि त्याच आठवड्यात भिंगरीला नोकरी लागली, दूर, दुसऱ्या शहरात, औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायची. निघायच्या सकाळी जाऊबाई खिडकीपाशी शेवटच्या पानांवर होत्या. भिंगरी पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी जाते."

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणतं का? कोपऱ्यावर काडेपेटी आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येते' म्हणतं. पोरगी काही खुळी नव्हती, तो शब्द तिनं मुद्दाम निवडला होता. आईनं मान वर करावी, जाते काय, येते म्हण, असं खेकसावं, एवढ्यासाठी. मी ओट्यापाशी होते, माझे हात कणकेत होते, मला स्वच्छ ऐकू आलं. जाऊबाई म्हणाल्या, "हं." भिंगरी जरा वेळ थांबली. मग जिना उतरून गेली.

थोड्या वेळानं पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि जाऊबाईंनी हाक मारली, भिंगरे, इकडे ये, संपली गं कादंबरी. मी सांगितलं की ती गेली. त्या म्हणाल्या, मला न सांगता? मी म्हणाले, सांगून गेली, जाते म्हणाली. जाऊबाईंनी विचारलं, येते नाही म्हणाली? मी नाही म्हटलं. पुस्तक मांडीवर घेऊन त्या तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत.

आता त्या शेवटाबद्दल. पाच खंडांच्या अखेरीस लेखकानं लिहिलं होतं, 'सकाळी दार उघडं होतं. मधली गेली होती.' आणि संपलं. खाली कोरं पान. कारखान्यात ही बातमी पोहोचली आणि उभे दोन तट पडले. एक गेलीवाल्या आणि एक मेलीवाल्या. गेलीवाल्यांच्या पुढारी अर्थात जाऊबाई. त्यांचं म्हणणं, मेली असती तर मेली असं लिहिलं असतं, पाच खंड लिहिणाऱ्याला एक अक्षर जड झालं का? आणि दार का उघडं? मेलेलं माणूस उठून दार उघडत नाही. मेलीवाल्यांची पुढारी बटणवाली. तिचं म्हणणं, चार खंड बाई खोकतेय, खंगतेय, आता काय तिची वरात निघणार? आणि माणूस मेलं की आपण गेलं असंच म्हणतो की नाही? मी मेलीवाल्यांत. मला कादंबरीचं सोयरसुतक नव्हतं, पण खोकणारी बाई पहाटे उठून नदी ओलांडून जाते हे माझ्या डोक्यात शिरेना. घरी भाजी चिरतानासुद्धा आम्ही त्यावरून भांडायचो. जाऊबाई इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा मला वाटलं पुस्तकावरून चिडतायत.

भिंगरीचे फोन बापाला यायचे. आईशी दोन वाक्यं, बरी आहे आणि ठेवते. जाऊबाई फोन घट्ट धरून म्हणायच्या, ये ना गं एकदा. ती म्हणायची, बघू.

एका सकाळी परत फोन वाजला. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, घड्याळं दुरुस्त करतात. ते खिडकीपाशी एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि खाली ठेवला. भिंग तसंच डोळ्यात. म्हणाले, "भिंगरी गेली."

जाऊबाई दोऱ्याला मेण लावत होत्या. "कुठे?" त्यांनी विचारलं.

नोकरी बदलली का, खोली बदलली का, जाऊबाई विचारत राहिल्या. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. बापाच्या तोंडून तो दुसरा शब्द निघायचा कसा? आणि मी, कारखान्यात गळा काढून मेली, मेली म्हणणारी, माझीही जीभ टाळ्याला चिकटली. तिघांपैकी एकानं तेव्हा बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही आणि तो शब्द तसाच घरात राहिला.

भाऊजी, आमचे हे आणि मी, असे आम्ही तिकडे गेलो. जाऊबाई आल्या नाहीत. ती निघून गेलीय ना, मग रिकाम्या खोलीत येऊन मी काय करू, असं म्हणाल्या. तिथे जे करायचं होतं ते केलं आणि भिंगरीची पिशवी घेऊन परत आलो. जाऊबाईंनी कपडे एकेक करून कपाटात ठेवले. स्वेटर हातात आला तेव्हा म्हणाल्या, हा विसरून गेली बघ, आता गारठेल. भाऊजी उठून गच्चीवर गेले.

घरातल्यांनी मूग गिळले ते गिळलेच. कारखान्यात मात्र मी खरं काय ते सांगून ठेवलं होतं. जाऊबाई दुसऱ्याच आठवड्यात तिथे हजर झाल्या आणि खाली मान घालून काजं करू लागल्या. बटणवाली आपली जागा सोडून त्यांच्यापाशी गेली. म्हणाली, मी परत विचार केला बाई, तुमचंच खरं, मधली निघूनच गेली असणार. मग गळेवाली म्हणाली, हो, दार उघडं होतं ना. एकेक करून सगळ्या मेलीवाल्या गेलीवाल्या झाल्या. मास्तरसुद्धा म्हणाले की त्यांचं मत पहिल्यापासून तेच होतं. जाऊबाईंनी सगळ्यांकडे बघून मान हलवली. कुणीतरी विचारलं, पुढे काय असेल हो? त्या म्हणाल्या, "पुढे काय? संपली." त्यानंतर त्यांनी कामावर तोंड उघडलं नाही. आता तिथे नुसती यंत्रं ऐकू येतात.

पाचवा खंड वाचनालयातून आणलेला, तो त्यांनी परत केलाच नाही. ग्रंथपाल भला माणूस, त्यानं मागितला नाही. आवडलेलं पान परत वाचायची त्यांची जुनी खोड होती. वाचून झालं की स्वतःशीच 'परत' म्हणायच्या आणि पान पुन्हा वरून सुरू करायच्या. आता एकच पान होतं. त्यावर दोनच ओळी. खिडकीत बसून परत, परत, परत. रडल्या नाहीत, एकदाही नाही. रडल्या असत्या तर मला जरा धीर आला असता.

अशात ग्रंथपालाचा निरोप आला की लेखक वाचनालयात येणार आहेत, वाचकांनी प्रश्न विचारावेत. निरोप ऐकताच जाऊबाई म्हणाल्या, मला जायचंय, मला त्यांना एक विचारायचंय. त्या काय विचारणार हे शेंबडं पोरही सांगेल. गेली म्हणजे कुठे गेली? आणि तो म्हातारा चार लोकांत, चष्मा पुसत पुसत, अहो मेली की ती, असं म्हणाला म्हणजे? त्या एका शब्दावर ही बाई उभी होती. तो काढून घेतला तर उरलं काय? भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, तू बघ काय ते. त्यांना आताशा घड्याळाखेरीज कशातच लक्ष घालवत नाही.

म्हणून त्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी वाचनालयात गेले. लेखक ग्रंथपालाच्या खोलीत चहा पीत बसले होते. मला वाटलं होतं, एवढे पाच खंड म्हणजे माणूस कसा धिप्पाड असेल. हा अगदी किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, आणि चहात बिस्कीट पडलं म्हणून चमच्यानं ते शोधत होता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, भिंगरीचंही. मग विचारलं, तुमची ती मधली खरी मेली की गेली?

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मेली," म्हणाले. "पण इतकी वर्षं सांभाळलेली पोर हो. मेली असं लिहायला हात धजेना. म्हणून गेली लिहिलं."

मी म्हणाले, मग आज तोंडानंही तेच म्हणा. निघून गेली म्हणा, जिवंत आहे म्हणा. त्यांनी चमचा परत उचलला, बिस्किटाचा लगदा बशीत काढला आणि म्हणाले, बरं.

सभागृह भरलं होतं. आमचा अख्खा कारखाना आला होता, मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. लोकांनी कायकाय विचारलं, लिहायला सुचतं कसं, नावाडी खरा होता का, पुढचा खंड कधी. मग जाऊबाई उठल्या. मी लेखकांकडे बघितलं, लेखकांनी माझ्याकडे. बटणवालीनं माझा हात धरला.

जाऊबाईंनी विचारलं, "मधली गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी होतं का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना ठाऊक होतं. कुठे गेली हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्या सकाळी भाऊजींनी फोन खाली ठेवला तेव्हापासून, नाहीतर त्या कपाटापुढे स्वेटर हातात घेतला तेव्हापासून, त्यांना ठाऊक होतं. आम्ही सगळे त्यांना सांभाळत होतो आणि त्या आम्हाला.

मी लेखकांना हातानं खुणावलं, थांबा, नको, आता नको. पण म्हातारा शब्दाला पक्का. त्यांनी माझं हलणारं बोट बघितलं आणि त्यांना वाटलं मी आठवण करून देतेय. ते उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बाई, मधली मेली नाही. ती पहाटे उठली, दार उघडलं आणि निघून गेली. असेल कुठेतरी सुखात." सभागृहात टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आमच्या गेलीवाल्यांच्या. मास्तर तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जाऊबाई टाळ्या संपेपर्यंत उभ्या होत्या. मग "असं होय," म्हणाल्या आणि बसल्या.

परत येताना दोघी चालत निघालो. उन्हं उतरली होती, दुकानांपुढे पायऱ्या धुणं चाललं होतं. त्यांचे गुडघे धरतात, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. मीही टेकले.

"तू आधी जाऊन त्यांना पढवलंस ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "उत्तर द्यायच्या आधी ते तुझ्याकडे बघत होते. लेखकाला तोंडानं खोटं बोलता येत नाही. लिहूनच येतं." मग म्हणाल्या, "एवढं एकच विचारायचं होतं मला. दुसऱ्या कुणाला विचारणार? ह्यांना विचारलं तर हे मरतील."

"वहिनी," मी म्हणाले.

"तू गेली होतीस तिकडे. तू सांग. कोणी होतं का तिच्याजवळ?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरची कोंदट खोली. ताप अंगावर काढलेला, कामावर खाडा नको म्हणून. घरमालकीण खाली राहायची आणि वर फिरकायची नाही. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी सकाळची दुपारपर्यंत तशीच लटकत राहिली, तेव्हा शेजाऱ्यांनी दार ढकललं. कोणी नव्हतं. पाण्याचा तांब्या कॉटपासून लांब होता. तो तांब्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, भाजी चिरताना, इस्त्री करताना, कधीही समोर येतो.

मी म्हणाले, "होती. घरमालकीण होती."

"कशी आहे ती?"

"स्थूल आहे. कपाळ मोठं. बोलायला जरा फटकळ, पण मनानं बरी." मी आयुष्यात गोष्ट रचली नव्हती. पुस्तकाला हात न लावणारी बाई मी. पण जाऊबाईंची गोष्ट इतकी वर्षं ऐकत होते, त्यातलं काहीतरी हाताला लागलं असावं. "रात्रभर बसून होती उशाशी. डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती."

"पुढे?"

"पहाटे जरा ताप उतरला. तिनं चहा पाजला."

जाऊबाई रस्त्याकडे बघत होत्या. "भिंगरी चहा पीत नाही," म्हणाल्या.

मी अडकले. इतक्यात त्याच म्हणाल्या, "दूध दिलं असेल. कोमट. साय काढून, तिला साय चालत नाही."

"हो," मी म्हणाले. "दूधच. साय काढून दिलं."

"पुढे?"

"दोन घोट घेतले. मग म्हणाली, दार उघडा, वारा येऊ दे. तिनं दार उघडलं."

जाऊबाईंनी मान हलवली. दार उघडं असणं त्यांना पटलं. समोरच्या दुकानदारानं बादलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि ते आमच्या पायांपाशी आलं. आम्ही दोघींनी पाय वर घेतले.

"काही म्हणाली का?" त्यांनी विचारलं. हे विचारताना आवाज इतका बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. "जाताना?"

मी म्हणाले, "म्हणाली, आईला सांगा. येते म्हणावं."

जाऊबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं एका ओट्यावर काढली, पण असं सरळ माझ्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी काय केलं ते त्यांना कळलं होतं. एवढं वाचलेल्या बाईला रचलेलं वाक्य ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? त्यांचे डोळे भरून आले आणि वाहू लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"परत सांग," म्हणाल्या.

मी परत सांगितलं.